श्रवणा गेली तो उन्हाळा

कूलरमध्ये हंगामातलं पहिलं पाणी पडलं की घरभर एक वास सुटतो. भिजलेला लाकडाचा भुसा, गेल्या वर्षीची धूळ, गंजलेली जाळी आणि कुठेतरी खोलात थोडा वाळा. बाटलीत भरून विकायला ठेवला तर पुण्याचा माणूस नाक धरेल आणि नागपूरचा डोळे मिटून घेईल. मला त्या वासाने परीक्षा संपल्याची खूण पटते. साठी उलटून गेली, शेवटचा पेपर देऊन चाळीस वर्षं झाली, तरी कूलरची मोटर घरघरली की पोटात काहीतरी सैल होतं आणि आता चार वाजेपर्यंत कोणी अभ्यासाला बसवणार नाही, असं वाटू लागतं.

या वर्षी आमचा कूलर खिडकीत बसला त्याच दिवशी माझी नात ईरा अकरावीचा शेवटचा पेपर देऊन आली. येताना बर्डीच्या बाजारात उतरली होती. तिथल्या फुटपाथवरून तिने स्वतःसाठी काळा चष्मा आणि माझ्यासाठी एक जाडजूड कॉमिक आणलं होतं.

"घे आजी. तुही गँग परत आली," असं म्हणून तिने ते माझ्या मांडीवर टाकलं.

वज्रमंडल. तीनशेवा अंक. खाली पिवळ्या पट्टीत हिंदीत लिहिलं होतं, आज तक का हर सदस्य, पहली बार एक साथ. मधली कित्येक वर्षं हे कॉमिक बंदच होतं. मी तर माझ्या लग्नानंतर त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आता कोणीतरी ते पुन्हा चालू केलं म्हणे, आणि तीनशे भरले म्हणून आजवरचे सगळे वीर गोळा केले. मुखपृष्ठावर इतकी गर्दी होती की कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव लागलाय असं वाटावं. सगळ्यांच्या छात्या पुढे, सगळ्यांच्या मुठी वर. वज्रमंडलाचा सरदार वज्रकेतु मधोमध, छातीवर तेच सोनेरी कवच, दंड तसेच कलिंगडाएवढे. सत्तेचाळीस वर्षांत त्या माणसाच्या पोटावर एक वळी चढली नव्हती. माझ्या किती चढल्या ते विचारू नये.

मी चष्मा पुसला आणि बोटाने एकेक चेहरा तपासायला लागले.

"काय शोधून राहिली?" ईराने विचारलं.

"एक बाई."

"कोण बाई?"

"मी हाकललेली."

ईराने हातातलं डांगर खाली ठेवलं. खरबूज समोर असताना ती दुसऱ्या कशाकडे बघते असं सहसा होत नाही. "तू कॉमिकमधली बाई हाकलली?"

"हो."

"कशी काय?"

"पोस्टकार्डं लिहून."

त्या उन्हाळ्यात मी आठवीची परीक्षा दिली होती. दोन वेण्या, काटकुळे पाय, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा चेहरा. माझ्या वयाच्या मुली तेव्हा आईच्या हाताखाली कुरडयांचा चीक घोटायला लागल्या होत्या. मी मात्र वडिलांचा खादीचा टॉवेल गळ्याशी बांधून, पाठीवर फडफडवत, छपरीच्या, म्हणजे व्हरांड्याच्या, कठड्यावरून उड्या मारत होते. पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या उन्हात, मानेभोवती टॉवेल. घामोळ्यांनी पाठ लाल झाली होती, पण वज्रकेतु कधी घामोळ्यांबद्दल तक्रार करत नाही, म्हणून मीही करत नव्हते. ती मुलगी आज समोर आली तर मी आधी तिला पन्हं पाजेन आणि मग एक चापट देईन. क्रम बदलला तरी चालेल.

आमच्या वस्तीच्या, म्हणजे नागपुरी भाषेत लेआउटच्या, तोंडाशी एका टेलरचं दुकान होतं. शाळेच्या गणवेशांची गर्दी जूनमध्ये, त्याआधी त्याच्या मशीनला फुरसत. मग तो दुकानात आडवी दोरी बांधून तिच्यावर कॉमिकं टांगायचा, धुतलेल्या चड्ड्या वाळत घालाव्यात तशी, आणि दिवसाच्या भाड्याने द्यायचा. कागदाला मशीनच्या तेलाचा वास यायचा. कधी पानात खडूची रेघ सापडायची, कधी कोणाच्या तरी ब्लाउजची मापं.

आम्ही चौघी होतो. मी, बेबी, छबी आणि नलू. एक अंक चौघींत आणायचा आणि एकाच वेळी वाचायचा, अशी पद्धत होती. जेवणं झाली की छपरीच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतायचं, ती वाळायच्या आत पोटावर पडायचं, डोकी आत, पाय बाहेर, मधोमध कॉमिक. एकीला सरळ दिसायचं, दोघींना आडवं आणि एकीला उलटं. उलट्याची पाळी रोज बदलायची. आजही मला समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र उलटं वाचता येतं. बँकेत त्याचा फार उपयोग होतो. पान उलटायचा नियम एकच, चौघींनी "झालं" म्हटल्याशिवाय बोट लावायचं नाही. मी पहिली म्हणायचे. बेबी आणि छबी मागोमाग. नलूचं "झालं" मात्र यायचंच नाही. आम्ही वाचायचो ते फुग्यातली अक्षरं. ती चित्रात राहायला जायची. मारामारी चालू असताना मागच्या घराच्या खिडकीत कोण उभं आहे, ते तिला बघायचं असायचं. फरशी सुकायची, पोटाखाली गरम व्हायला लागायचं, आणि मी पान धरून दात-ओठ खात पडलेली असायचे.

"नलू, झालं का?"

"थांब ना वं. ही म्हातारी काहून रडून राहिली ते पाहू दे."

कथेत त्या म्हातारीचा काही संबंध नसायचा.

नलू मूळची उमरेडची. घरी हातमाग होता, आई-वडील दोघंही मागावर. शिकायला म्हणून ती आमच्या लेआउटमध्ये मामाकडे राहायची. तेव्हा वज्रमंडलात सात जण होते आणि आम्ही चार, त्यामुळे वाटणी करावी लागली. ती मी केली. वज्रकेतु मी, हे तर मी विचारातही घेतलं नाही, सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते होतं. वाऱ्यावर स्वार होणारी झंझा बेबी झाली, कारण तिच्याकडे ओढणी होती. दगडी अंगाचा पाषाण छबी झाली, कारण तिला लागलं तरी ती रडायची नाही. आणखी तिघं मी कठीण म्हणून खेळातूनच वगळले. मग श्रवणा उरली आणि नलू उरली. मी दोघींची गाठ मारून टाकली.

श्रवणा कोणालाच नको असायची. ती लढायची नाही. कानात अर्धचंद्राची कर्णफुलं घालून, डोळे मिटून, चित्राच्या कोपऱ्यात बसायची. कानापासून नागमोडी रेषा निघायच्या, आणि ती सांगायची की शत्रू डोंगरापलीकडे तलवारीला धार लावतो आहे. तिने सांगितलं की बाकीचे धावत सुटायचे आणि ती तिथेच. पुढची सगळी पानं ती कुठे असायची, काय करायची, जेवायची की नाही, काही दाखवत नसत.

आमच्या खेळात नलूचंही तेच. ती ओट्यावर डोळे मिटून बसायची आणि आम्ही तिघी अंगणभर बोंबलत फिरायचो. पण झालं असं की नलू कामात फार हुशार निघाली. ती सांगायची, बर्फवाला नाल्यापलीकडे आहे, दोन घरं आधी थांबला. थोड्या वेळाने बर्फवाला यायचा. ती सांगायची, सुमीची, म्हणजे माझी, आई उठली, आता पाणी पिऊन राहिली, आता इकडेच येईन. आम्ही टॉवेल-ओढण्या लपवून पुस्तकं काढेपर्यंत आई दारात. एकदा मी शत्रू झाले होते आणि पाण्याच्या टाकीमागे दडून बसले होते. नलूने डोळे न उघडता जाहीर केलं, "सुमी टाकीमागे आहे. श्वास रोखून बसली."

रोखलेला श्वास तिला कसा ऐकू आला, हे मला अजून समजलेलं नाही. पण बेबी-छबी पोट धरून हसल्या, आणि त्या दिवसापासून आता काय करायचं हे दोघी मला न विचारता ओट्यावर जाऊन नलूला विचारू लागल्या. सरदाराला कोणी विचारेना. टॉवेल फुकट.

आणि तेवढ्यात मे महिन्याच्या अंकात, शेवटच्या पानावर ती चौकट आली. मंडल में भीड़ हो गई है, किसी एक को जाना होगा, किसे, पोस्टकार्ड पर लिख भेजिए.

हे सांगत होते तेव्हा ईरा सोफ्यावर आडवी झाली होती. ती म्हणाली, "आजी, हे आता ऑनलाइन होते. एकच जण पन्नास खोट्या नावांनी वोट टाकते. त्याले बॉट म्हणतात."

"मग मी बॉट होते."

"तू किती टाकले?"

"अकरा."

आजोबांकडे कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा असायचा, नातेवाइकांच्या लग्नांना आणि मयतींना उत्तरं द्यायला. त्यातली अकरा मी काढली. उजव्या हाताने, डाव्या हाताने, तिरकं, गोल, मुंग्यांसारखं आणि गोगलगायीसारखं, अशी अकरा अक्षरं काढली. लेआउटमधल्या अकरा माणसांची नावं. माझ्या आजीच्या नावाने लिहिलं की श्रवणा लड़ाई में किसी काम की नहीं. माझ्या आजीने आयुष्यात कॉमिक उघडलं नव्हतं, आणि हिंदीत तिला फक्त भाजीवाल्याशी भांडता येत होतं. दूधवाल्याच्या नावाने लिहिलं. ज्याची गाय आमच्या कुंपणात शिरायची, त्याच्या नावाने जरा कडक लिहिलं. अकरावं कार्ड उरलं तेव्हा मला माझ्याच हुशारीची नशा चढली होती. ते मी नलूच्या नावाने लिहिलं.

आणि मग त्या टॉवेलवाल्या मुलीने जे केलं, ते आठवलं की मला आजही स्वतःच्या डोक्यावर थंड पाणी ओतावंसं वाटतं. पोस्टाचा डबा नलूच्या मामाच्या घराच्या वाटेवर होता. बाहेर डांबर वितळून चपलेला चिकटत होतं. मला उन्हात जायचं नव्हतं. म्हणून मी अकरा कार्डांना सुतळी बांधली, वरचं कार्ड पालथं ठेवलं आणि गठ्ठा नलूच्याच हातात दिला. म्हटलं, आजोबांची पत्रं आहेत, जाता जाता टाक.

ती कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की पोस्टकार्डाला झाकण नसतं.

तिने वाचली का? हा प्रश्न तेव्हा पडला तो पडलाच. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली. ओट्यावर बसली, डोळे मिटले, शत्रू वखारीकडून येऊन राहिला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. मी वाचायला घाईची, आधीच सांगितलं.

शाळा उघडायच्या आधी जूनचा अंक आला. पहिल्याच पानावर श्रवणा उभी. इतक्या अंकांत ती पहिल्यांदा उभी दिसत होती, चांगली उंच होती. पुढच्या चित्रात ती बर्फाच्या डोंगराकडे चाललेली, पाठमोरी. फुग्यात लिहिलं होतं, जब पुकारोगे, मैं सुन लूँगी. संपलं. आम्ही चौघी ओल्या फरशीवर पडून ते पान बघत होतो. त्या दिवशी नलूचं "झालं" लगेच आलं.

मी उठले, टॉवेल बांधायला घेतला आणि म्हणाले, श्रवणा गेली, म्हणजे नलू पण गेली. आता मंडलात तिला जागा नाही. नलू काहीतरी म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. टॉवेलची गाठ नीट बसत नव्हती. ती पुढचे काही दिवस समोरच्या ओट्यावर येऊन बसायची, डोळे उघडे ठेवून, आमच्याकडे बघत. मग बसेनाशी झाली. जूनच्या शेवटी मामाची बदली झाली आणि ती उमरेडला परत गेली, पुढची शाळा तिने तिथेच केली.

वज्रमंडलात पुढे माणसं येत राहिली, जात राहिली. मेलेला हटकून परत यायचा. त्याच्यासाठी काही ना काही सोय असायची, जडीबुटी म्हणा, जुळा भाऊ म्हणा. पण काढून टाकलेल्याची सोय कोणी करत नसे. मला तेव्हापासून एक कुतूहल आहे. श्रवणाला तर सगळं ऐकू येतं. डोंगरावर बसून तिला रोज ऐकू येत असणार की खाली तिला कोणी हाक मारत नाही. ज्याला ऐकू येत नाही तो समजूत घालू शकतो, बोलावलं असेल, वाऱ्याने आवाज पोचला नसेल. हिची ती सोय नाही. संसारात, भाजी फोडणीला टाकताना, पोरांच्या तापात कपाळावर पट्ट्या ठेवताना, मध्येच ही बाई माझ्या डोक्यात यायची. आणि तिच्या मागोमाग दुसरी यायची, तिचं नाव मी फार वेळ थांबू देत नसे.

ईराने तोवर अंक माझ्या हातातून घेतला होता. मी दोनदा चाळला होता, मला श्रवणा दिसली नव्हती. तिने मधलं जोडपान उघडलं. पन्नासेक वीर राक्षसांवर तुटून पडलेले, आग, धूर, दगड. "ही पाह्य," ती म्हणाली.

डाव्या कोपऱ्यात, एका पडक्या भिंतीपाशी, एक बाई बसलेली होती. पांढरे केस मोकळे, त्यात कान झाकलेले. डोळे मिटलेले. कानापासून रेषा नाहीत. तोंडाशी फुगा नाही. बाकी एकालाही चित्रकाराने म्हातारं केलं नव्हतं, फक्त हिला.

"हीच आहे का?" ईराने विचारलं.

मला सांगता येईना. भिंग आणलं. कर्णफुलं केसांखाली असतील तर असतील. नाहीतर ही गावातली कोणी म्हातारी, लढाईत सापडलेली. पुढच्या-मागच्या एकाही पानावर ती नव्हती.

"मग आता?"

"हे एकटी नलूच सांगू शकते," मी म्हटलं.

"मग व्हिडिओ कॉल कर ना तिले. नंबर आहे न तुझ्याकडे?"

नंबर होता. शाळेच्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे, मामाच्या घरच्या वर्षांमुळे त्यात नलूही आहे. रोज सकाळी ती एक फूल पाठवते आणि मी नमस्काराचे दोन हात. गेली कित्येक वर्षं आमचं बोलणं एवढंच. पण फोनवर माणसाला सुटायला फार वाटा असतात. रेंज गेली, गॅसवर दूध आहे, अगं जाऊ दे ते. मला तिचं तोंड बघायचं होतं. ती वाचून टाकणारी होती की न वाचता टाकणारी, एवढंच मला हवं होतं; आणि मी लिहिली होती हे तिच्या समोर बसून सांगायचं होतं, ती उठून आत गेली तरी.

मी सकाळची उमरेडची एसटी धरली. पर्समध्ये ऊन लागू नये म्हणून कांदा, कॉमिक आणि भिंग. ईरा सोडायला आली होती, तिने खिडकीतून विचारलं, "तिनं भांडण केलं तर?"

"तर तिचा हक्क आहे."

"आणि ती विसरली असन तर?"

हा विचार मी केला नव्हता. बस सुटली. उमरेड येईपर्यंत मी तोच करत बसले. गाव जवळ आलं तसे कोळशाचे ट्रक वाढले, आणि रस्त्याकडेच्या पळसांवर काळी धूळ.

नलूच्या घराच्या पुढच्या खोलीत अजून माग आहे. तिचा भाऊ सकाळी विणतो, दुपारी त्यावर चादर घालून ठेवतो. नलू शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, केस कापलेले, पांढरे, डाव्या कानात मशीन. मी मशीनकडे बघते आहे हे तिने बघितलं.

"काय पाहून राहिली? पस्तीस वर्षं पहिलीच्या पोरायनं बोंबलून कानाचं पार भजं केलं. बस."

मी बसले. पाणी प्यायले. मुलं-सुना-गुडघे असं सगळं विचारून झालं. मग मी कॉमिक काढलं, जोडपान उघडलं, त्या बाईवर बोट ठेवलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

नलूने बघितलं. तसंच, तितकाच वेळ घेऊन. राक्षस, आग, मागची पळणारी माणसं, सगळं बघून मग ती त्या बाईपाशी आली.

"कोण आहे ही?"

"तेच विचारायला आले. श्रवणा आहे का ही?"

"मले काय माहीत?"

"तुला नाही तर कोणाला माहीत असणार? तुझी श्रवणा होती ना."

नलूने भिंग खाली ठेवलं. "माही काहून? मले ती कधीच आवडली नाही."

मी भिंग उचलून परत ठेवलं.

"दिवसभर डोळे मिटून बसा," ती म्हणाली, "तुम्ही तिघी उड्या मारून राहिल्या, आणि मी ओट्यावर देवाच्या मूर्तीसारखी. ओटा तापायचा. ढुंगण भाजून निघायचं माझं. बर्फवाला कुठे आहे सांगायचं, आणि बर्फ खाऊन झाल्यावर परत डोळे मिटायचे."

"नलू," मी म्हटलं, "ती पोस्टकार्डं."

"हो. अकरा होती."

"तू वाचली."

"तू सुतळी सैल बांधली होती. कोपऱ्यावरच्या निंबाखाली बसून सगळी वाचली. तुह्या आजीचं फार चांगलं होतं."

"आणि मग?"

"दहा टाकली."

मी बोटांवर मोजलं. मग हळूच विचारलं, "अकरावं?"

"माह्या नावाचं ना? ते फाडलं. तू माहं अक्षर काढलं होतं, पण घाण काढलं होतं. मामाकडून दुसरं कार्ड घेतलं, माह्या नावाचं मी स्वतः लिहिलं. तेच लिहिलं. श्रवणा को निकालो."

सत्तेचाळीस वर्षं मी एका बाईला हाकलल्याचं पाप उरावर घेऊन फिरत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी ऐटही होती. अकरा कार्डांनी इतिहास बदलणारी मी. आता कळलं की त्यातलं सगळ्यात मनापासूनचं कार्ड माझं नव्हतंच.

"मग तू यायची का बंद झालीस?"

नलूने मशीनला बोट लावून आवाज नीट केला, जसं काही मला ऐकायला तिलाच त्रास होत होता. "श्रवणा गेली तेव्हा मी तुले विचारलं होतं. म्हटलं, सुमे, आता मी कोण होऊ? तू टॉवेल बांधून राहिली होती. मले वाटलं, तू सांगशीन थोड्या वेळानं. मग मी चार दिवस ओट्यावर येऊन बसली. एकीनंही हाक नाही मारली."

बाहेरून कोळशाचा ट्रक गेला, भांडी थरथरली. मी काय बोलणार होते ते बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं, पण ते पोस्टकार्डांबद्दलचं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं, नलू." इतकंच. आठवीतल्या मुलीकडूनही, साठीतल्या बाईकडूनही.

नलू जोडपानाच्या कडा सारख्या करत बसली.

मला राहवलं नाही, म्हणून विचारलं, "कोण व्हायचं होतं तुला? झंझा?"

"नाही."

"पाषाण?"

"हट. वज्रकेतु."

आणि मी, चार नातवंडांची आजी, हातात कांदा आणि भिंग घेऊन प्रायश्चित्ताला आलेली बाई, माझ्या तोंडून तत्क्षणी निघालं, "वज्रकेतु तर मी आहे."

नलूने मान वर केली. मग तिचे खांदे हलू लागले. ती इतकी हसली की मशीनची शिट्टी वाजली आणि तिला ते काढून हातात धरावं लागलं. मीही हसत होते, पण आतून मला चांगलंच दिसत होतं की ते नाव द्यायचं म्हटलं तर अजून जीवावर येतंय. त्या टॉवेलवाल्या मुलीला चापट द्यायची म्हणत होते; ती कुठे गेलेलीच नाही, इथेच बसून चहाची वाट बघते आहे.

नलूचं हसू ओसरलं. तिने मशीन परत घातलं आणि डोळे पुसले.

"घे," मी म्हटलं. "आजपासून तू."

"पहा बरं. मंग म्हणशील, परत दे."

"नाही म्हणत."

तिने खुर्चीवर पाय वर घेतले, कॉमिक मांडीवर ओढलं, पहिलं पान उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग ऊठ. चहा ठेव."

मी उठले. स्वयंपाकघर परकं, ओट्यावर एकसारखे सात-आठ स्टीलचे डबे, एकावरही नाव नाही. दूध सापडलं, चहापत्ती सापडली. आतून हाक मारली, "नलू, साखर कुठे वं?"

"शोध," बाहेरून हुकूम आला.

पहिल्या डब्यात तुरीची डाळ होती, दुसऱ्यात मूगवड्या. तिसऱ्यात रंगीत धाग्यांची रिळं, का कोण जाणे. चौथ्यात साखर सापडली. तरी माझं "झालं" आलं नाही; मी पाचवा उघडला.